फौजीच्या पोरांची कॉलेज फी: फॉर्म भरायच्या आधी डिस्चार्ज बुक उघडा

"फौजीच्या मुलांना कॉलेज फुकट असतं ना?" असं मला वर्षातून दहा जण तरी विचारतात. उत्तर अर्धं हो आणि अर्धं नाही. जे जवान शहीद झाले, बेपत्ता झाले किंवा लढाईत कायमचे अपंग झाले त्यांच्या मुलांची फी खरंच सरकार भरतं, पदवीपर्यंत. ही सवलत १९७१ च्या युद्धानंतर सुरू झाली, मधे २०१७ मध्ये ट्यूशन आणि हॉस्टेल मिळून महिना १०,००० ची मर्यादा घातली होती, त्यावर एवढी ओरड झाली की मार्च २०१८ मध्ये ती काढून टाकावी लागली. ज्या घरात अशी वेळ आलेली आहे त्यांनी खालचं बाकी काही वाचायच्या आधी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन हीच स्कीम विचारायची.

आता उरलो आपण बाकीचे, म्हणजे वडील सतरा-अठरा वर्षं नोकरी करून हवालदार किंवा नायक म्हणून पेन्शनवर आले, हातपाय धड आहेत आणि पोरगं बारावीला आहे. आपल्याला एका फॉर्मवर सगळी फी माफ असं काही नाही. दोन-तीन ठिकाणचं जुळवावं लागतं, आणि ते जुळतं, फक्त कागद आधी तयार पाहिजेत.

पहिलं काम, कपाटातलं डिस्चार्ज बुक काढा, म्हणजे फौज सोडताना वडिलांना मिळालेली नोकरीच्या नोंदींची वही. फोटो नको, ओरिजिनल. त्यात मुलांची नावं आणि जन्मतारखा असतात ते पान उघडा आणि शेजारी दहावीचं मार्कशीट ठेवा, एकेक अक्षर जुळवून बघा. आमच्या घरी काय झालं सांगतो. बहिणीचा जन्म झाला तेव्हा पप्पा पार राजस्थानात पोस्टिंगला, बारसं पण झालं नव्हतं, क्लार्कने नाव विचारलं तर पप्पांनी घरात म्हणायचे तेच सांगून टाकलं. अठरा वर्षांनी कळलं की फौजेच्या रेकॉर्डला माझी बहीण वैष्णवी नाहीच, पिंकी आहे. जन्मतारीख पण दोन दिवसांनी पुढे, कारण गावाकडून पत्र पोचलं त्या हिशोबाने लिहिलेली. फॉर्म परत आला आणि ते वर्ष गेलं. चूक कुणाची म्हणायची, आमचीच.

तर नाव किंवा तारीख चुकली असेल तर दुरुस्ती होते पण ती जिल्ह्याच्या ऑफिसात होत नाही, वडिलांच्या रेकॉर्ड ऑफिसकडून होते, म्हणजे त्यांच्या रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसकडून. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना बेळगाव, तोफखान्याला नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सला खडकी, महार रेजिमेंटला मध्य प्रदेशातलं सागर. जन्म दाखला, शाळेचा दाखला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं अ‍ॅफिडेव्हिट आणि वडिलांचा अर्ज, हे सगळं सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलं तर बरं, कारण मग पाठपुरावा करायला कुणीतरी जवळचं असतं. आम्हाला चार महिने लागले. म्हणून म्हणतो, हे अकरावीला असतानाच करून ठेवा, बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ नको. आणि स्पर्श या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर पेन्शन येत असेल तर तिथेही कुटुंबाची माहिती एकदा बघून घ्या, एवढं बघताय तर.

दुसरं, माजी सैनिक ओळखपत्र. हे वडिलांकडे असतं पण कधीकधी भलत्याच जिल्ह्याचं असतं, म्हणजे रिटायर झाले तेव्हा साताऱ्यात नाव नोंदवलं आणि आता दहा वर्षं पिंपरीत राहतायत. मग पुण्याचं ऑफिस म्हणणार साताऱ्याला जा आणि साताऱ्याचं म्हणणार तुम्ही तर इथे राहत नाही. नोंदणी ट्रान्सफर करून घ्या, सोपं काम आहे, पण अ‍ॅडमिशनच्या गर्दीत करायला गेलात तर डोकं फिरेल.

तिसरं, अ‍ॅडमिशन. इथे लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या फॉर्ममध्ये डिफेन्सचा कॉलम असतो, महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांना डेफ-१, अजून नोकरीत असलेल्यांच्या मुलांना डेफ-२, आणि बाहेरच्या राज्यातून इथे बदली होऊन आलेल्यांच्या मुलांना डेफ-३. इंजिनिअरिंगला यातून ५ टक्के जागा असतात. पण हा कोटा सीट देतो, फी माफ करत नाही. सीट लागली म्हणजे फी गेली असं समजून एक ओळखीचे काका निवांत बसले होते, कॉलेजची पावती बघून जागे झाले.

फीचं बघायचं तर मुलगी असेल तर आधी इकडे बघा: जुलै २०२४ च्या जीआरनुसार २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे आणि अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा खाजगी विद्यापीठात घेतली तर नाही. याचा फौजेशी काही संबंध नाही, पण बरीच फौजी घरं यात बसतात आणि त्यांना पत्ताच नसतो, सगळे 'सैनिक' नावाच्या स्कीमच शोधत बसतात. उत्पन्नाचा दाखला काढताना पेन्शन धरायची, लपवायची नाही, तहसीलला पेन्शनचा पुरावा मागतात. याशिवाय महाडीबीटी या राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर उच्च शिक्षण संचालनालयाच्या यादीत माजी सैनिकांच्या मुलांसाठी शिक्षण सवलत म्हणून वेगळी स्कीम आहे. पोर्टल उघडलं की सगळ्या स्कीम नीट खाली खाली जाऊन वाचा, पहिल्या दोन दिसल्या की लोक थांबतात.

आता मेन, पंतप्रधान स्कॉलरशिप. केंद्रीय सैनिक बोर्डाची, केएसबी डॉट जीओव्ही डॉट इन वर फॉर्म. २००६-०७ पासून चालू आहे, दरवर्षी ५,५०० नवीन मुलं घेतात, २,७५० मुली आणि २,७५० मुलगे. मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५००, वर्षाचे एकदम खात्यात, म्हणजे ३६,००० आणि ३०,०००. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला मुलीचे १,४४,००० होतात. पूर्ण फी नाही निघत पण हॉस्टेल, मेसचा बराच भार उतरतो.

यात कोण बसतं ते बघा. बारावीला किमान ६० टक्के पाहिजेत, ५९.८ असेल तर वेळ घालवू नका. कोर्स व्यावसायिक पाहिजे, बीई, एमबीबीएस, बीफार्म, नर्सिंग, बीबीए, बीसीए वगैरे, साधं बीए बीकॉम चालत नाही. बीएड किंवा एमबीए असेल तर बारावीचे नाही, ग्रॅज्युएशनचे मार्क धरतात, मार्कशीट पण तेच अपलोड करायचं. परदेशातलं शिक्षण नाही. अ‍ॅडमिशन झालेल्या पहिल्याच वर्षी फॉर्म भरायचा, "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं की गेलं. आणि सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांनी इथे यायचं नाही, त्यांच्यासाठी गृह खात्याची वेगळी स्कीम आहे, ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर.

निवड मार्कांवर होते पण आधी कॅटेगरी बघतात. शहिदांची मुलं आणि वीरपत्नी पहिल्या, मग युद्धात अपंग झालेले, असं करत शौर्यपदकवाले पाचव्या आणि आपण सहाव्या कॅटेगरीत. म्हणून ६० टक्के ही फक्त दारात उभं राहण्याची अट आहे, सहाव्यात मार्क त्यापेक्षा बरेच वर लागतात.

फॉर्मला लागणारे कागद तीन ठिकाणाहून येतात, सैनिक कल्याण कार्यालयातून माजी सैनिक असल्याचं सर्टिफिकेट, कॉलेजातून बोनाफाइड आणि बँकेतून खात्याचं सर्टिफिकेट. तिन्ही केंद्रीय सैनिक बोर्डाच्याच ठरलेल्या नमुन्यात पाहिजेत. कॉलेजचा क्लार्क आपल्या नेहमीच्या लेटरहेडवर बोनाफाइड ठोकून देतो, ते घेऊ नका, नमुना प्रिंट काढून हातात द्या. खातं मुलाच्या स्वतःच्या नावाचं आणि आधार जोडलेलं पाहिजे, वडिलांबरोबरचं जॉइंट नको. स्कॅन मोबाईलवर करताना कोपरे कापू नका आणि शिक्का वाचता आला पाहिजे, फॉर्म परत येण्याचं हे एक फालतू पण नेहमीचं कारण. सबमिट केलं की ओरिजिनल घेऊन जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन व्हेरिफाय झालं का ते विचारा, नुसतं पोर्टलकडे बघत बसू नका. शेवटच्या आठवड्यात साइट गोगलगाय होते, तेव्हा आधीच भरा.

वडील हवालदार किंवा त्याखालच्या रँकचे असतील तर अजून एक आहे, रक्षामंत्री निधीतली शिक्षण मदत, दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून ग्रॅज्युएशनपर्यंत. पूर्वी महिना १,००० होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २,००० केली. साध्या बीए, बीएस्सीच्या पोरांना पंतप्रधान स्कॉलरशिप नाही मिळत त्यांनी ही धरायची. ही वर्ष पास झाल्यावर मागायची असते, आधी नाही. दोन स्कीम एकाच वेळी चालतात का हे मात्र भरायच्या आधी सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकाला विचारा, नंतर पैसे परत करायची वेळ नको. राहायचा प्रश्न असेल तर त्याच फेरीत सैनिकी वसतिगृहाचंही विचारून या, राज्याच्या सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहं बऱ्याच जिल्ह्यांत आहेत आणि शहरातल्या रूमभाड्यापेक्षा खूप स्वस्त पडतात.

पंतप्रधान स्कॉलरशिपचे पैसे आले म्हणजे झालं नाही, दरवर्षी रिन्यूअल असतं. किमान ५० टक्के आणि पास पाहिजे. निकालाची प्रत आली की त्याच आठवड्यात अपलोड करा आणि फॉर्मची पावती, रजिस्ट्रेशन नंबर हे सगळं एका फाइलीत डिस्चार्ज बुकाशेजारीच ठेवा. आमच्याकडे ती फाइल आता आईच्या ताब्यात आहे, वर जाड पेनाने लिहिलंय "वैष्णवी", आणि खाली कंसात पप्पांच्या अक्षरात "पिंकी".