युज केस आणि सिक्वेन्स डायग्राम काढताय? या चुका टाळा

फायनल इयरचे प्रोजेक्ट रिपोर्ट तपासताना एक चित्र हमखास समोर येतं. मधे मोठा चौकोन, डावीकडे काडीचा माणूस, त्याच्याखाली ‘युजर’, आणि चौकोनात एकाखाली एक लंबगोल: लॉगिन, सर्च, अ‍ॅड, अपडेट, डिलीट, लॉगआउट. विषय बसच्या आरक्षणाचा असो की दवाखान्याचा, चित्र तेच. शीर्षक हाताने झाकलं तर प्रोजेक्ट कशाचा आहे ते ओळखता येत नाही.

हा मेनू झाला, युज केस नव्हे. एरिक्सन या स्वीडिश टेलिकॉम कंपनीतल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातून इव्हार याकॉब्सन या अभियंत्यांना युज केसची कल्पना सुचली आणि १९८७ साली त्यांनी ती जगापुढे मांडली. तिचा गाभा एवढाच: बाहेरून येणाऱ्याला सिस्टिमकडून काय साधायचं आहे? प्रवासी लॉगिन करायला येत नाही, तो गणपतीला गावी जायचं तिकीट काढायला येतो. प्रत्येक लंबगोलापाशी एक प्रश्न विचारा: एवढं करून माणूस उठला, तर त्याचं काम झालं का? ‘तिकीट आरक्षित करणे’, झालं. ‘लॉगिन’, नाही झालं.

अ‍ॅक्टर म्हणजे सिस्टिमच्या चौकोनाबाहेरून तिच्याशी व्यवहार करणारा माणूस किंवा दुसरी सिस्टिम. त्याच्या बाबतीत डेटाबेसला माणसासारखं बाहेर उभं करण्याची चूक फार होते. डेटाबेस तुमचाच आहे, तो चौकोनाच्या आत. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) मात्र दुसऱ्याचा, म्हणून तो बाहेर.

एक युज केस दुसरीला जोडणारे ‘इन्क्लूड’ (दुसरी हमखास लागते) आणि ‘एक्स्टेंड’ (कधीतरीच जोडली जाते) हे बाण तर तोंडी परीक्षेत भलेभले उलटे काढतात. पाठ करू नका. ज्याला दुसऱ्याची माहिती असते, त्याच्याकडून बाण निघतो. तिकीट काढायचं तर ‘पैसे भरणे’ लागतंच, तेव्हा ‘तिकीट आरक्षित करणे’कडून तिकडे इन्क्लूडचा बाण. ‘सवलत लावणे’ मात्र एखाद्याच प्रवाशाला लागू होतं आणि मूळ आरक्षणाला त्याची खबरही नसते, म्हणून एक्स्टेंडचा बाण सवलतीकडून आरक्षणाकडे. आणि हे बाण क्रम सांगत नाहीत. आधी काय, मग काय, हे सांगणं सिक्वेन्स डायग्रामचं काम; त्यात कोण कुणाला कोणता निरोप पाठवतो, ते वरून खाली क्रमाने बाणांनी दाखवतात.

तिथली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त सरळ वाट काढणं. ही मी स्वतः केली आहे. आरक्षणाच्या एका कामात आमचं चित्र असं होतं: प्रवासी सीट निवडतो, सिस्टिम ती दहा मिनिटं राखून ठेवते, गेटवेकडे विनंती जाते, ‘पैसे मिळाले’ असा निरोप येतो, तिकीट निघतं. नेटकं चित्र, सगळ्यांनी मान डोलावली. प्रत्यक्षात एका प्रवाशाच्या पैशांचा निरोप अकराव्या मिनिटाला आला. तोवर टायमरने सीट सोडली होती आणि ती दुसऱ्याने घेतली होती. एकाच सीटची दोन तिकिटं निघाली. दोघांचे पैसे गेलेले, दोघेही खरे.

ही गोष्ट कागदावर सापडली असती. प्रत्येक बाणावर बोट ठेवून तीन प्रश्न विचारायचे: हा आलाच नाही तर? उशिरा आला तर? दोनदा आला तर? उत्तरं चित्रात बसवण्यासाठी यूएमएल २ मध्ये (ही चित्रं काढायच्या प्रमाण पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत) ‘ऑल्ट’ (पर्यायी वाटा), ‘ऑप्ट’ (अट जुळली तरच), ‘लूप’ (पुन्हा पुन्हा) अशा चौकटी आहेत. आम्ही नंतर ‘पैसे मिळाले’च्या खाली ऑल्ट टाकला: सीट अजून याच प्रवाशाच्या नावावर असेल तर तिकीट, नसेल तर पैसे परत. टायमरलाही स्वतःची लाइफलाइन (चित्रात भाग घेणाऱ्याची उभी रेघ) दिली. ती आधी नव्हती, म्हणूनच तो कुणाच्या लक्षात आला नव्हता.

बाणाचं टोक टूल देईल ते ठेवू नका. भरीव टोक म्हणजे पाठवणारा उत्तराची वाट बघत थांबतो, उघडं टोक म्हणजे निरोप टाकून पुढे जातो. तिकिटाचा एसएमएस पाठवताना भरीव टोक काढलं आणि कोडही तसाच लिहिला, तर एसएमएसची सेवा मंदावली की तिकीटही अडकतं.

बाणावरचं नाव ज्याच्याकडे बाण जातो त्याची मेथड (कोडमध्ये त्याला नेमून दिलेलं काम) असते, पाठवणाऱ्याची नव्हे. ‘आरक्षण’कडून ‘सीट’कडे ‘राखून ठेव’ जात असेल, तर ती मेथड क्लास डायग्राममध्ये ‘सीट’च्या क्लासखाली दिसलीच पाहिजे. सापडत नसेल, तर दोनपैकी एक चित्र चुकलंय. ‘प्रोसेस डेटा’ असं मोघम नाव दिलंत, तर ही पडताळणीच करता येत नाही.

आणि लाइफलाइन आठ-दहाच्या पुढे गेल्या की पान आडवं करून सगळं कोंबत बसू नका. पैसे भरण्याचा भाग वेगळ्या चित्रात काढा आणि मूळ चित्रात त्या जागी, वेगळ्या चित्राकडे बोट दाखवणारी ‘रेफ’ची चौकट ठेवा.