बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर परत वाढलेले वजन: सुरुवात कुठून करावी

बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर केलेल्या, शस्त्रक्रियेनंतर वजन परत वाढले असे म्हणण्याआधी ते नेमके किती वाढले, हे कागदावर मांडावे. त्यासाठी तीन आकडे पुरतात: शस्त्रक्रियेच्या आधीचे वजन, त्यानंतर गाठलेले सर्वांत कमी वजन आणि आजचे वजन. समजा, आधी वजन १२४ किलो होते, दीड वर्षात ते ८० वर आले आणि आज ते ९१ आहे. म्हणजे ४४ किलो उतरले होते आणि त्यांतले ११, अर्थात उतरलेल्या वजनाचा एक चतुर्थांश भाग, परत आला. जुने कपडे पुन्हा घट्ट होऊ लागले की सारे मुसळ केरात गेल्यासारखे वाटते. पण या हिशेबात ३३ किलो अजूनही उतरलेलेच आहेत आणि गुडघ्यांना, हृदयाला व रक्तातील साखरेला त्यांचा लाभ मिळतच आहे.

थोडे वजन परत येणे हा या शस्त्रक्रियेच्या नेहमीच्या प्रवासाचाच भाग आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास हा या शस्त्रक्रियेचा एक प्रकार झालेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. १२० किलोच्या माणसाच्या भाषेत सांगायचे तर वजन ८२ च्या आसपास येऊन दहाव्या वर्षी ९० वर स्थिरावले, तर ते सरासरीला धरूनच झाले. मात्र वर्षभरातच आठ-दहा किलो वाढले, बंद झालेली मधुमेहाची गोळी पुन्हा सुरू करावी लागली किंवा थांबलेले घोरणे परत सुरू झाले, तर आकडा लहान असला तरी थांबून पाहण्यात अर्थ नाही. अशा वेळी पुष्कळजण 'आधी चार किलो कमी करतो, मग डॉक्टरांना तोंड दाखवतो' असे ठरवतात आणि चाराचे बारा होईपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाहीत. माझ्या मते एवढी महागात पडणारी चूक दुसरी नाही.

शस्त्रक्रिया काय करते आणि काय करत नाही, हे येथे पुन्हा आठवणे उपयोगाचे ठरते. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची लहानशी, साधारण ३० मिलिलीटरची पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडली जाते. भूक जागवणाऱ्या आणि पोट भरल्याचे कळवणाऱ्या संप्रेरकांतही बदल होतो, म्हणून पहिल्या वर्षी भुकेची आठवणही होत नाही. कालांतराने ही पिशवी थोडी सैल होते, भूक काही प्रमाणात परततेच आणि हलके झालेले शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करते. एका बैठकीत किती खाता येईल यावर शस्त्रक्रियेचा पहारा असतो. दिवसातून किती वेळा तोंड हलवायचे, यावर नसतो.

आपल्याकडे नेमके येथेच पाणी मुरते. दुपारच्या जेवणात अर्धी भाकरी आणि वाटीभर उसळ खाऊन ज्याचे पोट गच्च भरते, तोच माणूस चार वाजता चहाबरोबर खारी, पाच वाजता मूठभर चिवडा, स्वयंपाक होईस्तोवर थोडी शेव आणि रात्री मुलांच्या ताटात उरलेला भात सहज संपवतो. उसळ आणि भाकरी पिशवीत थांबतात. चहात बुडवलेले बिस्किट, आइस्क्रीम, शिरा किंवा चावून पीठ झालेले फरसाण मात्र पटकन पुढे सरकते आणि पोट भरल्याची खूण येतच नाही. यांतले काहीही 'जेवण' म्हणून मोजले जात नाही, त्यामुळे 'मी तर काहीच खात नाही' हे वाक्य पुष्कळदा प्रामाणिक असते.

तरीही पहिले पाऊल आहारातल्या बदलाचे नसावे. ते तपासणीचे असावे, कारण वाढलेल्या वजनामागे खाण्याव्यतिरिक्तही कारणे असतात. थायरॉइडची चाचणी, तीन महिन्यांची सरासरी साखर, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), जीवनसत्त्व बी-१२ आणि डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक (कॅल्शियमवर नियंत्रण ठेवणारे) व अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) एवढ्या चाचण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्याव्यात. घरात चालू असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी, कारण स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, नैराश्यावरची आणि फिट्सवरची काही औषधे वजन वाढवतात; ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, पण पर्याय आहे का, हे विचारावे. शस्त्रक्रिया एका शहरात झाली आणि आता वास्तव्य दुसरीकडे किंवा परदेशात असेल, तर शस्त्रक्रियेची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड शोधून काढावे. 'दुर्बिणीतून केले' एवढेच ठाऊक असलेल्या रुग्णाला नवे डॉक्टर फारशी मदत करू शकत नाहीत. स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास (एकच जोडणी असलेला बायपास), यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

दोन तक्रारी आवर्जून सांगाव्यात. स्लीव्हनंतर छातीत जळजळ होत असेल, तर माणूस नकळत भात, पोळीचा काला, बिस्किटे अशा मऊ पदार्थांकडे वळतो आणि वजन चढते. येथे आधी आम्लपित्ताचा इलाज हवा, एंडोस्कोपीही लागू शकते. बायपासनंतर गोड किंवा पिठूळ खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी घाम, थरथर आणि घबराट होत असेल, तर रक्तातील साखर एकदम खाली जात असण्याची शक्यता असते. मग माणूस पुन्हा गोड खातो, बरे वाटते आणि थोड्या वेळाने तेच चक्र फिरते. पिशवी किंवा तिची जोडणी फारच सैल झाली आहे का, जठराच्या दोन भागांत पुन्हा वाट तयार झाली आहे का, हे एंडोस्कोपी किंवा बेरियमच्या एक्स-रेमध्ये दिसते. पण त्या तपासण्या प्रत्येकाला लागतातच असे नाही.

तपासणीची तारीख मिळेपर्यंतचे सात दिवस नोंदीसाठी वापरावेत. या आठवड्यात काहीही बदलू नये, फक्त लिहावे: वेळ, पदार्थ, वाटी-चमच्यातले प्रमाण, त्या वेळी खरोखर भूक होती का आणि हातात काय काम होते. लिहिण्याचा कंटाळा असेल, तर प्रत्येक वेळी मोबाइलवर फोटो काढावा. चहाही लिहावा. साखरेचा एक चमचा सुमारे ५ ग्रॅमचा, म्हणजे २० कॅलरींचा धरला, तर दोन चमच्यांचे चार कप रोजच्या १६० कॅलरी होतात. दूध आणि खारीचा हिशेब वेगळा. आठवड्याच्या शेवटी ही वही स्वतःच वाचून पाहिली, तर कोणत्या वेळी काय निसटते, हे बहुधा कोणी सांगावे लागत नाही.

त्यानंतर ताटाची मांडणी बदलावी. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात आणि अनेकांसाठी आहारतज्ज्ञ ८० ग्रॅमपर्यंतचे लक्ष्य ठरवतात. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हा आकडा डॉक्टरांनीच ठरवावा. मासे किंवा कोंबडी खाणाऱ्याला ६० गाठणे जमते, कारण शिजलेल्या १०० ग्रॅम मासळीत साधारण २० आणि एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. शाकाहारी घरात मात्र हे सोपे नाही, हे आधीच मान्य करावे. ५० ग्रॅम पनीरमधून ९, ३० ग्रॅम कोरड्या मटकीच्या किंवा मुगाच्या उसळीतून ७, २५ ग्रॅम सोयाबीन वड्यांमधून १३, १०० ग्रॅम चक्क्यातून सुमारे ८ आणि ग्लासभर दुधातून ६ ग्रॅम, असे सगळे जमवूनही बेरीज ४३ वर थांबते. पातळ वरणाच्या भरवशावर राहिल्यास तेवढीही होत नाही. म्हणून शाकाहारी व्यक्तीने प्रथिनांची पावडर कमीपणाची मानू नये. आहारतज्ज्ञांना विचारून दुधात किंवा ताकात एक माप घ्यावे.

जेवताना आधी उसळ, पनीर, अंडे किंवा मासा, मग भाजी आणि शेवटी जागा उरली तर भाकरी किंवा भात, हा क्रम पाळावा. ज्वारीची भाकरी चावावी लागते, म्हणून ती आमटीत कालवलेल्या भातापेक्षा सोयीची. घास लहान असावेत आणि जेवणाला वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत. पाणी, ताक, सोलकढी जेवणाबरोबर न घेता जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यावी. दिवसभरात दीड लिटर तरी द्रव पोटात जावा. तीन जेवणे आणि गरज असल्यास प्रथिनांचे एक ठरलेले खाणे, याखेरीज मधल्या वेळी पाणी किंवा बिनसाखरेचा चहा एवढेच. खाण्याची वेळ ठरवली की डबा उघडण्याचा प्रश्न पुष्कळ अंशी मिटतो; त्यातूनही चिवड्याचा डबा डोळ्यांसमोरून हलवून वरच्या फळीवर ठेवणे हा उपाय हास्यास्पद वाटला तरी करून पाहावा.

उपवासाचे काय, हा प्रश्न आपल्याकडे येणारच. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि तूप-बटाट्याची जोड मिळाल्यावर चतुर्थीची एक वाटी खिचडी दोन भाकऱ्यांवर मात करते. उपवास करायचाच असेल, तर राजगिरा, दूध, दही किंवा चक्का आणि मोजके शेंगदाणे यांवर तो करावा. निर्जळी उपवास मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये. दिवाळीचा फराळ किंवा गणपतीतला मोदक वर्ज्य करण्याची गरज नाही. तो जेवणाच्या शेवटी, ताटात घेऊन, एकच खावा. येता-जाता डब्यातून नव्हे. बायपास झालेल्यांनी गोड खाल्ल्यावर होणारा त्रास लक्षात ठेवूनच हे ठरवावे.

पाच-सात दिवस केवळ द्रव पदार्थ घेऊन 'पिशवी पुन्हा लहान करण्याचा' उपाय बराच सांगितला जातो. त्याने पिशवी लहान होत नाही. काट्यावर दोन-तीन किलो उतरलेले दिसतात, त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो आणि घन अन्न सुरू होताच ते परत येतात.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या तिसऱ्या वर्षापर्यंत अनेकांच्या बंद झालेल्या असतात. त्यांचा वजनाशी थेट संबंध दिसत नाही, पण लोह आणि बी-१२ कमी झाले की जिना चढताना धाप लागते, चालणे सुटते आणि घरचे त्याला आळस म्हणतात. गोळ्या पुन्हा सुरू कराव्यात. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कारण चहामुळे लोहाचे शोषण घटते.

व्यायामात नुसत्या चालण्यावर समाधान मानू नये. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे, शक्य होईल तसे ते २०० ते ३०० पर्यंत न्यावे, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा: हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात, आणि ते परत मिळवण्यासाठी प्रथिने व ताकदीचा व्यायाम दोन्ही लागतात.

मद्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. बायपासनंतर, आणि काही प्रमाणात स्लीव्हनंतरही, मद्य रक्तात लवकर आणि अधिक प्रमाणात चढते. व्यसन जडण्याचा धोका वाढतो आणि तो शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही दिसू शकतो. सोबतच्या चकण्याचे वजन निराळे. तसेच रागाच्या, एकटेपणाच्या किंवा रात्री उशिराच्या वेळी हात आवरत नसेल, तर तो मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याचा विषय आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

एवढे करून तीन-चार महिन्यांत फरक पडला नाही, तर औषधांचा विचार करता येतो. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर वजन वाढलेल्यांनाही डॉक्टर ती देतात, परंतु आधीच कमी खाणाऱ्या माणसाची भूक आणखी घटल्यावर प्रथिने आणि पाणी कमी पडण्याचा धोका असतो, मळमळ-उलट्या होऊ शकतात, गर्भारपणात ती चालत नाहीत आणि बंद केल्यावर वजन पुन्हा चढू लागते. मित्राच्या सांगण्यावरून ती आणू नयेत. दुसरी शस्त्रक्रिया, उदाहरणार्थ स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर, हा पर्याय कारण नक्की सापडल्यावरच घ्यावा. तीव्र आम्लपित्त असेल, तर त्याला चांगला आधार असतो. खाण्याच्या वेळा तशाच असतील, तर पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त जोखीम पत्करून थोडेच हाती लागते.

पहिले उद्दिष्ट वजनवाढ थांबवण्याचे ठेवावे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट रिकामे असताना काट्यावर उभे राहावे. पहिल्या वर्षीचा वेग आता येणार नाही. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरले तरी काम नीट चालले आहे असे समजावे, आणि तीन महिन्यांनी वही व वजनाचे आकडे घेऊन डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांकडे जावे. मात्र बायपासनंतर पोटात अचानक असह्य कळ आली, उलट्या थांबेनाशा झाल्या, काळी शौच झाली किंवा उलट्यांबरोबर पाय लटपटू लागून बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे आणि कोणती शस्त्रक्रिया झाली आहे, हे तेथे सर्वप्रथम सांगावे.