सीपीआर शिकवायला पहिल्यांदाच जाताय?

सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा गणेश मंडळात सीपीआर (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) शिकवायला जाणारे नवे डॉक्टर, नर्स हमखास एक गोष्ट करतात: अर्धा तास प्रोजेक्टर, हृदयाची आकृती, आणि उरलेल्या वेळात घाईघाईने डमी. हे उलटं करा. बोलणं १० मिनिटांत आटपा. २० माणसं असतील तर निदान ४ डमी आणि प्रत्येक डमीपाशी शिकवणारं एक माणूस हवंच. बघून मान डोलावणारे खूप असतात, पण दाबायला बसवलं की खरं काय ते कळतं.

शिकवायचं थोडकंच. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा, प्रतिसाद नसेल तर १० सेकंदांच्या आत छाती हलतेय का बघा, समोरच्या एकाला बोट दाखवून १०८ ला फोन लावायला सांगा, दाबायला लागा. नाडी बघायला शिकवू नका, घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातले ठोके लागतात. आचके मात्र स्वतः करून दाखवा. हृदय थांबल्यावरही काही वेळ माणूस अधूनमधून घोरल्यासारखा आवाज काढतो, आणि ‘श्वास चालू आहे’ म्हणून लोक नुसते उभे राहतात. स्लाइडवर वाचून हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

तोंडाने श्वास द्यायचा का, हा प्रश्न येणारच. सामान्य लोकांसाठी इंडियन रिससिटेशन कौन्सिलची ‘कॉल्स’ पद्धत आहे, त्यात फक्त छाती दाबायची. बुडालेला माणूस आणि लहान मुलं यांना श्वासही लागतो, एवढं सांगून पुढे चला. ते वेगळ्या सत्रात.

आता हात. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळव्याची टाच (मनगटालगतचा भाग), त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. कोपरं वाकली की दंडाच्या जोरावर दाबलं जातं आणि मिनिटभरात दम निघतो. बहुतेक जण टाचांवर बसून लांबून दाबतात. गुडघे डमीला जवळजवळ टेकवले की खांदे आपोआप पुढे येतात. साडी नेसलेल्या बायकांना आधी नीट बसू द्या, घाई करू नका.

सगळ्यात जास्त चुकतं ते सोडणं. दाबल्यावर छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त भरत नाही, मग पुढच्या दाबाला बाहेर ढकलणार काय? शिकणाऱ्याच्या तळव्याखाली कागदाचा कपटा सरकवून बघा: वर येताना तो सुटला पाहिजे, पण हात जागेवरून उडता कामा नये.

वेगासाठी मोबाइलवर मिनिटाला ११० ठोक्यांचा मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं ॲप) लावा. मोजायला सांगाल तर एक ते दहा, तीनदा. ‘एकोणीस’, ‘सत्तावीस’ म्हणेपर्यंत हात रेंगाळतो.

दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा सराव करून घ्या, अदलाबदलीत ५ सेकंदांच्या वर जाऊ देऊ नका. पेशंट पलंगावर असेल तर काय, हे कुणीतरी विचारतंच: गादी दबते, छाती नाही, म्हणून शक्य असेल तर जमिनीवर घ्या. पेशंट बाई असेल तर पुरुष कचरतात. कपड्यांवरूनही दाबता येतं, हे स्पष्ट शब्दांत बोला.

सर्टिफिकेट वाटून मोकळे होऊ नका. हात काही महिन्यांत विसरतो. सहा महिन्यांनी त्याच हॉलमध्ये नुसती डमी घेऊन जा, भाषण नको, प्रत्येकाला २ मिनिटं दाबू द्या.