गाडीतील स्पीकर निवडताना आधी क्रॉसओव्हर ठरवावा

बीडहून छत्रपती संभाजीनगरकडे वेगाने निघालेल्या गाडीत टायरांची घरघर नेमकी खर्जाच्या सुरांवर बसते. त्यामुळे आवाज वाढवत नेला, तरी दाराचे पत्रे थरथरतात आणि भजनातील पखवाज मात्र हरवलेलाच राहतो. अशा वेळी बहुतेक जण अधिक वॅटचे स्पीकर आणतात. माझ्या मते हा पैसा चुकीच्या जागी जातो, कारण कोणत्या स्पीकरने कोणत्या पट्टीपर्यंत वाजावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो सोडवतो क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगळे करून ज्या-त्या स्पीकरकडे पाठवणारे फिल्टर.

यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. आवाजाची पातळी तेवढीच ठेवून स्वर एक सप्तक खाली आणला, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढे-मागे हलावे लागते. म्हणजे १६० हर्ट्झऐवजी ४० हर्ट्झ वाजवताना ही हालचाल सोळापट होते आणि दारातील साडेसहा इंची स्पीकर त्या ओझ्याखाली गायकाचा आवाजही बिघडवतो. गाडीत सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर) असेल, तर दारातील स्पीकरला ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) आणि सबवूफरला तेवढ्यावरच लो-पास (त्यावरचे सूर अडवणारा फिल्टर) लावून सुरुवात करावी. उतार, म्हणजे अडवलेले सूर किती झपाट्याने मंदावतात ते प्रमाण, दर सप्तकाला १२ किंवा २४ डेसिबल ठेवावा. सबवूफर नसेल, तर हाय-पास ६० हर्ट्झपर्यंत खाली आणता येतो. मात्र तो पूर्ण बंद करू नये.

आता स्पीकरची निवड. खोक्यावरील मोठ्या आकड्याकडे दुर्लक्ष करून आरएमएस वॅट (स्पीकर सतत पेलू शकतो ती शक्ती) आणि संवेदनशीलता (ठरावीक शक्तीत तो किती मोठा वाजतो ते) वाचावी. डॅशबोर्डमधील स्टिरिओ प्रत्येक चॅनेलला प्रत्यक्षात साधारण १५ ते २० वॅटच देतो. संवेदनशीलता ३ डेसिबलने अधिक असलेला स्पीकर तेवढ्याच आवाजासाठी निम्मी शक्ती घेतो. म्हणून वेगळा अँप्लिफायर घ्यायचा नसेल, तर हाच आकडा निर्णायक मानावा. मागच्या दारांसाठी कोअॅक्सियल (एकाच चौकटीत वूफर व ट्विटर असलेले) पुरेसे असतात, पण पुढे कंपोनंट संच घ्यावा; त्यात खालचे सूर वाजवणारा वूफर आणि वरचे सूर वाजवणारा छोटा ट्विटर वेगळे असतात, म्हणून ट्विटर वर, कानाच्या जवळ बसवता येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो आणि उन्हात उभी केलेली बंद गाडी त्याहून कितीतरी तापते. म्हणून फोमऐवजी रबरी कडा आणि कागदाऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा पडदा मी पसंत करतो. पावसाचे पाणी काचेवरून दारात उतरतेच, त्यामुळे पॅसिव्ह क्रॉसओव्हरची (अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यामधल्या तारेत बसणाऱ्या फिल्टरची) डबी दारात न ठेवता डॅशबोर्डखाली बसवावी. दाराच्या पत्र्यावर डॅम्पिंग शीट (थरथर शोषणारा चिकट थर) लावून मोठी भोके बुजवली, तर त्याच स्पीकरचा खर्ज कितीतरी भरीव होतो. नव्या स्पीकरआधी हेच काम करावे.

ट्विटरची सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. त्याच्या माहितीपत्रकात दिलेल्या अनुनाद-वारंवारतेच्या (ज्या वारंवारतेवर त्याचा पडदा आपसूक जास्त थरथरतो तिच्या) किमान दुप्पट वारंवारतेवर क्रॉसओव्हर ठेवावा. बहुतेक संचांत तो ३००० ते ३५०० हर्ट्झच्या आसपास येतो. माझा पहिला ट्विटर जोडताना कारागिराने अँप्लिफायरचा फिल्टर ‘फुल’वर, म्हणजे कोणतेच सूर न अडवता, ठेवला होता आणि ट्विटर काही मिनिटांतच जळाला. अॅक्टिव्ह क्रॉसओव्हर (अँप्लिफायरच्या आधीच सूर विभागणारा) वापरतानाही मी तेव्हापासून ट्विटरच्या तारेत खालचे सूर अडवणारा एक संरक्षक कपॅसिटर ठेवतो. निव्वळ कपॅसिटरवर भागवायचे असेल, तर ४ ओहमच्या ट्विटरला १० मायक्रोफॅरड लावल्यास ४००० हर्ट्झच्या खाली दर सप्तकाला ६ डेसिबलची हळुवार उतरण मिळते.

शेवटी जोडणीची दिशा, म्हणजे अधिक-उणे तारा कशा जोडल्या आहेत ते, तपासावी. वूफर आणि ट्विटर या दोघांनाही १२ डेसिबलचे फिल्टर असतील, तर संधीच्या, म्हणजे क्रॉसओव्हरच्या, वारंवारतेवर त्यांचे आवाज एकमेकांच्या विरुद्ध जातात. म्हणून ट्विटरच्या तारा उलट जोडून पाहाव्यात. २४ डेसिबलच्या लिंकविट्झ-रायली नावाच्या फिल्टरमध्ये त्याची गरज पडत नाही. गाडी उभी करून, चालकाच्या जागेवर बसून, परिचयाचे भजन मध्यम आवाजात लावावे आणि दोन्ही प्रकारे ऐकावे. ज्या जोडणीत टाळांचा नाद आणि गायकाचा आवाज एकाच ठिकाणाहून, पोकळी न जाणवता येतो, ती कायम करावी. त्यानंतर सबवूफरच्या तारा तशाच पालटून पखवाजाच्या धुमेचा (डाव्या, खर्जाच्या बाजूचा) खर्ज कोणत्या जोडणीत अधिक भरतो, ते पाहावे.