टाकीतल्या पेट्रोलचा हवेतला हिशोब कसा मांडाल?

धूर दिसत नाही म्हणजे गाडी स्वच्छ, असं छातीठोक सांगणारे मला नेहमी भेटतात. काळा धूर म्हणजे काजळी, अर्धवट जळलेलं इंधन. ती फुप्फुसांना वाईटच. पण पृथ्वी तापवणारा कार्बन डायऑक्साइड ना दिसतो, ना त्याचा वास येतो; आणि इंजिन जितकं नीट चालेल तितका इंधनातला कार्बन त्याच रूपात बाहेर पडतो. तेव्हा डोळ्यांवर भरवसा न ठेवता वही काढा.

सुरुवात गाडीपासून. कंपनीने छापलेलं ॲव्हरेज विसरा. टाकी फुल करा, पंपाच्या नोझलचा खटका पडला की थांबा, किलोमीटरचा आकडा टिपून ठेवा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच फुल करा. जितके लिटर आत गेले, तितके मधल्या अंतरात जळले. एका टाकीवरून निष्कर्ष नको, चार-पाच टाक्यांची सरासरी धरा.

आता लिटरना गुणा: पेट्रोल असेल तर 2.3 ने, डिझेल असेल तर 2.7 ने. उत्तर म्हणजे बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड, किलोमध्ये. इथे हमखास प्रश्न येतो, की लिटरभर पेट्रोलचं वजनच जेमतेम पाऊण किलो, मग हे जास्तीचं वजन आलं कुठून? हवेतून. कार्बनचा अणुभार 12. जळताना त्याला 16 चे दोन ऑक्सिजन जोडले जातात, म्हणजे एकूण 44. थोडक्यात, 12 किलो कार्बन जाळला की 44 किलो वायू. वर्षाला 12,000 किलोमीटर आणि लिटरला 15 चं ॲव्हरेज असेल तर 800 लिटर, म्हणजे 1,840 किलो.

स्वयंपाकाच्या एलपीजीला किलोमागे 3 किलो धरा. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण 1 किलो. पाणी, वारा, ऊन यांचा वाटा असेल तिथे आकडा खाली येतो.

यातून एक गंमत निघते. विजेवरची गाडी 100 किलोमीटरला 15 युनिट खात असेल आणि वीज निव्वळ कोळशाची असेल, तर 15 किलो. वरची पेट्रोल गाडीही तेवढंच सोडते. (पेट्रोल काढण्या-शुद्ध करण्यातला खर्च यात धरलेला नाही.) माझ्या मते तरी पारडं विजेकडेच झुकतं, कारण वीज स्वच्छ होत जाऊ शकते, टाकीतलं पेट्रोल नाही.

सोडलेल्यातला जवळपास निम्मा वायू हवेतच साचतो. उरलेला समुद्र आणि झाडं-माती शोषतात. त्यात समुद्राचं पाणी आम्लतेकडे सरकतं. हवाईमधल्या मौना लोआ या पर्वतावर 1958 मध्ये हवेतल्या या वायूची मोजणी सुरू झाली तेव्हा प्रमाण दशलक्षात सुमारे 315 भाग होतं, आज 420 च्या वर आहे.

वहीत सर्वांत मोठी रक्कम कुठली, ते बघा आणि आधी तिलाच हात घाला. मोबाइलचा रिकामा चार्जर काढण्यात शक्ती घालवू नका, ते चिल्लर आहे. विमानप्रवास असेल तर त्याला वेगळं पान द्या, आणि नोंदी वर्षभर ठेवा. ऋतू बदलला की विजेचा आकडा पार बदलतो.