तलवार-जादूचे स्वस्त सिनेमे बघायचे कसे?

आधी 'कोनन द बार्बेरियन' (१९८२) बघून घ्या. बाकीच्यांनी नक्कल कशाची केली ते कळतं. मग स्वस्त सिनेमांसाठी प्रसिद्ध अमेरिकन निर्माता रॉजर कॉर्मनने अर्जेंटिनात काढलेला 'डेथस्टॉकर' (१९८३) आणि लगेच त्याचा दुसरा भाग (१९८७). क्रम उलटा करू नका. दुसऱ्यात पहिल्याचेच तुकडे जोडलेत, ते ओळखण्यात खरी गंमत. पहिल्यातला डुकरतोंड्या योद्धा तर नीट निरखाच. इतक्या कमी पैशांत केलेली ती मेहनत मनापासून आवडते.

जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेली प्रत टाळा, अंधारातल्या मारामाऱ्या दिसतच नाहीत. एका रात्री दोनच सिनेमे. तिसऱ्याला सगळे जादूगार सारखेच वाटू लागतात. इटालियन 'एटॉर'चा दुसरा भाग वेगळ्या रात्रीसाठी राखा: त्यात नायक हँग ग्लायडरवरून किल्ल्यावर बॉम्ब टाकतो!