अँटिबॉडी तपासणीला निघण्यापूर्वी: बेळगाव सीमाभागातील रुग्णांच्या घरच्यांसाठी तयारीची यादी

एका डोळ्याची दृष्टी दोन-चार दिवसांत अंधूक होणे, कमरेखालचा भाग बधिर होऊन लघवी अडणे, किंवा कोणत्याही औषधाने न थांबणारी उचकी आणि उलट्या, अशा लक्षणांनंतर न्यूरॉलॉजिस्ट मज्जातंतूंच्या मायलिन आवरणावर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटल्याचा संशय व्यक्त करतात, तेव्हा घरच्यांच्या कानावर बहुधा तीन नावे पडतात: मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका म्हणजे एनएमओ, आणि मॉगॅड. एनएमओच्या बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी सापडते. ती २००४ मध्ये प्रथम ओळखली गेली. मॉगॅडमध्ये मायलिनच्या सर्वांत बाहेरच्या थरातील मॉग प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी असते. एमएससाठी अशी कोणतीही निर्णायक अँटिबॉडी नाही. तिथे एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी यांवर भर असतो. हा भेद नीट कळणे अत्यंत आवश्यक आहे, कारण इंटरफेरॉन बीटा, फिंगोलिमॉड किंवा नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधे एनएमओच्या रुग्णाला दिली, तर आजार बळावू शकतो.

तयारीतली पहिली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब वेळेची आहे. खानापूर, चिकोडी किंवा निपाणीच्या रुग्णालयात दाखल केल्यावर मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे सलाईन लगेच सुरू होते, आणि ते व्हायलाच हवे. परंतु त्याआधी सीरमसाठी (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ द्रव) रक्त काढून ठेवायला पाच मिनिटे पुरतात, म्हणून डॉक्टरांना तशी विनंती आवर्जून करावी. प्लाझ्मा एक्स्चेंज करायचे ठरले असेल, तर नमुना त्याआधीच गेला पाहिजे, कारण त्या प्रक्रियेत अँटिबॉडीच रक्तातून काढून टाकल्या जातात. तपासणीसाठी उपचार मात्र एक दिवसही थांबवू नयेत. स्टिरॉइड सुरू झाले असले तरी नमुना द्यावा, फक्त कोणत्या तारखेपासून कोणते औषध चालू आहे, हे अर्जावर लिहायला लावावे, म्हणजे अहवाल निगेटिव्ह आल्यास त्याचा अर्थ लावताना डॉक्टरांना ते विचारात घेता येईल.

नमुना कसा घेतला जातो, याकडे घरच्यांनी डोळसपणे पाहावे. ही तपासणी सीरमवर होते. म्हणून रक्त लाल टोपणाच्या साध्या किंवा पिवळ्या टोपणाच्या जेल असलेल्या नळीत घेतात, सीबीसीसाठीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत नाही. रक्त साधारण अर्धा तास गोठू देऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की वर फिकट पिवळसर सीरम उरते. ते लालसर दिसत असेल, तर रक्तपेशी फुटल्या आहेत असे समजून दुसरा नमुना घ्यायला सांगावे. वेगळे केलेले सीरम २ ते ८ अंश तापमानात ठेवून, बर्फाच्या पॅकसह थर्माकोलच्या डब्यातून पाठवले जाते. शनिवारी दुपारी दिलेला नमुना संकलन केंद्रातच सोमवारपर्यंत पडून राहणार नाही ना, हे विचारून घ्यावे, आणि एप्रिल-मे महिन्यांत तो दुचाकीच्या डिकीतून स्वतः नेण्याचा विचार करू नये. या तपासणीसाठी उपाशी राहण्याची सहसा गरज नसते. तेलकट जेवणानंतर लगेच रक्त देणे टाळले, तर बरे.

नळीवरच्या नावाकडेही लक्ष द्यावे. आपल्या भागात एकाच व्यक्तीचे नाव आधारकार्डावर कन्नडमधून इंग्रजीत उतरलेले, शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाचे, आणि लग्न झालेल्या स्त्रीच्या रेशनकार्डावर सासरच्या आडनावाने, असे तीन प्रकारे असते. आधारवरचे स्पेलिंग एकदा निश्चित करून तेच नळीवर, अर्जावर आणि एमआरआयच्या नोंदीत घालायला लावावे. अहवाल दुसऱ्याच नावाने आला, तर सरकारी आरोग्य योजनेच्या मंजुरीपासून पुढच्या रुग्णालयातील नोंदणीपर्यंत सगळीकडे अडते.

चाचणी कोणत्या पद्धतीने होणार, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. अर्जावर ‘सेल बेस्ड अ‍ॅसे’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. या पद्धतीत प्रयोगशाळेतील पेशींच्या पृष्ठभागावर ते प्रथिन मूळ आकारात असते, म्हणून अँटिबॉडी त्याला नेमकी चिकटते. जुन्या एलायझा पद्धतीत खरे रुग्ण सुटतात आणि कमी पातळीचे खोटे पॉझिटिव्ह निकालही येतात. मॉगसाठी तर एलायझावर मुळीच विसंबू नये. अहवालात नुसते पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह न लिहिता टायटरही, म्हणजे रक्त किती पट पातळ केले तरी अँटिबॉडी दिसते याचा आकडाही, द्यावा, अशी विनंती करावी. २०२३ च्या मॉगॅड निकषांनुसार फिक्स्ड (रसायनाने स्थिर केलेल्या) पेशींवरील तपासणीत टायटर १:१०० किंवा त्याहून अधिक असेल तर निकाल स्पष्ट पॉझिटिव्ह मानतात, आणि त्याखालच्या निकालाला एमआरआय व लक्षणांचा आधार लागतो. याच कारणासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय, केवळ हातपायांना मुंग्या येतात म्हणून, परस्पर लॅबमध्ये जाऊन मॉगची तपासणी करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ज्याच्यात आजाराची चिन्हेच नाहीत, त्याच्या बाबतीत खोट्या पॉझिटिव्ह निकालाची शक्यता वाढते आणि घर विनाकारण हादरते. नमुना कुठे पाठवायचा, हे न्यूरॉलॉजिस्टनाच विचारावे. कर्नाटकातच बेंगळुरूचे निमहान्स आणि मंगळूरची के. एस. हेगडे वैद्यकीय अकादमी येथे या आजारांवर दीर्घकाळ काम झाले आहे.

पाठीतले पाणी काढले की माणूस कायमचा अधू होतो, ही भीती गावोगावी आहे आणि ती निराधार आहे. सुई पाठीच्या कण्यात बरीच खाली, मुख्य मज्जारज्जू संपल्यानंतरच्या भागात घातली जाते. नंतर डोके दुखू शकते, तेव्हा डॉक्टरांना कळवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती आधीच सांगावी. ऑलिगोक्लोनल बँड (एमएसच्या निदानात पाहिले जाणारे पाण्यातील प्रथिनांचे पट्टे) तपासायचे असल्यास पाण्याबरोबर त्याच दिवशीचे रक्तही लागते, हे लक्षात ठेवावे. अ‍ॅक्वापोरिन-४ साठी मात्र रक्तच पुरेसे असते.

आजार हातापायांच्या नसांचा, म्हणजे जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) किंवा सीआयडीपी (त्याच प्रकारचा, पण दीर्घकाळ चालणारा आजार) असेल, तर अँटिबॉडी वेगळ्या असतात. आयव्हीआयजीने (शिरेतून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनने) अपेक्षित गुण आला नाही, तर न्यूरोफॅसिन-१५५ आणि कॉन्टॅक्टिन-१ या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडींबद्दल डॉक्टरांना विचारावे.

फाइलमध्ये एमआरआयचा केवळ अहवाल न ठेवता सीडीही ठेवावी, कारण मज्जारज्जूतील सूज तीन किंवा अधिक मणक्यांएवढी लांब आहे का, हे न्यूरॉलॉजिस्टना स्वतः पाहायचे असते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदवलेली दृष्टी, बी-१२, एचआयव्ही, सिफिलिस आणि एएनए यांचे अहवाल, आणि एका कागदावर तारखांसह लिहिलेला आजाराचा क्रम सोबत असावा. हा कागद मराठीत लिहिला असेल, तर घरातील कॉलेजच्या मुलामुलीकडून कन्नड किंवा इंग्रजीत उतरवून घ्यावा, आणि रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूला निघताना सफाईने कन्नड बोलणारे एक माणूस बरोबर न्यावे.

खर्चाची चौकशी आधीच करावी. बीपीएल कार्ड असेल, तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेसाठी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र घ्यावे. सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला होता, तेव्हा कोल्हापूर किंवा मिरजेला जाणाऱ्यांनी आपल्या गावाला लाभ मिळतो का, हे तिथल्या मदतकक्षात विचारावे. उपचार योजनेत बसले, तरी बाहेरच्या लॅबमधील अँटिबॉडी तपासणी बसेलच असे धरून चालू नये.

अहवाल निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही, असे ठरत नाही. संशय दाट असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी किंवा नवा झटका आल्यावर नमुना पुन्हा देतात. मॉगची अँटिबॉडी काही रुग्णांत कालांतराने नाहीशी होते, म्हणून ती सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा पाहिली जाते. अ‍ॅक्वापोरिन-४ एकदा स्पष्ट पॉझिटिव्ह आली की वारंवार तपासण्याची गरज नसते आणि बरे वाटले तरी औषध आपल्या मनाने सोडायचे नसते. रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू करायचे ठरले, तर त्याआधी हिपॅटायटिस बी आणि क्षयरोगाच्या तपासण्या लागतात. अँटिबॉडीचा नमुना पुन्हा द्यायचा असेल, तर तो त्याच वेळी, पहिला डोस घेण्याआधी द्यावा.